एकेचाळीस बायका

"एकेचाळीस?" चंद्रहास सरांनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर टाकला. "निर्मळ गावच्या एवढ्याशा आळीत एकेचाळीस बायका काम करतात? गेल्या जनगणनेत दोन होत्या, बाई. दोन!"

"मी घरोघरी जाऊन विचारलंय, सर," लूर्डस म्हणाली.

"की घरी बसून भरलंत?"

लूर्डस प्राथमिक शाळेत शिकवायची. जनगणनेचं काम तिला पहिल्यांदाच लागलं होतं आणि सर तिचे पर्यवेक्षक होते. खोटी माहिती भरल्याचा शेरा त्यांनी मारला असता, तर नोकरीवरच आलं असतं.

"कुठलंही घर निवडा," ती म्हणाली. "आत्ता जाऊ."

सरांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढला.

त्या फॉर्मवरच्या घरी घरमालक प्लासिड ओट्यावर पेपर वाचत बसला होता. दोघांना बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परत आलात? जमिनीची भानगड तर नाही ना ही?"

"नाही हो. तुमच्या मिसेस काय करतात?" सरांनी विचारलं.

"काही नाही. घरीच असते."

सरांनी लूर्डसकडे पाहिलं. "बोलवा त्यांना."

"ती नाही आता. फुलं घेऊन दादरला गेलीय."

अर्ध्या तासाने त्याची बायको हिल्डा आली. रिकामी टोपली तिने भिंतीशी ठेवली.

"तुम्ही काम करता का?" सरांनी विचारलं.

हिल्डाने नवऱ्याकडे पाहिलं. "नाही."

सरांनी शेरा मारायला पेन काढलं.

"हिल्डाबाई," लूर्डस घाईघाईने म्हणाली, "आज उठल्यापासून काय काय केलंत?"

"चाफा बांधला. पहिल्या गाडीने नेला, विकला. आता केळींना पाणी सोडायचंय."

"मग नाही का म्हणालात?"

"काम म्हटल्यावर मला वाटलं, नोकरीचं विचारताय."

प्लासिडने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. सर मात्र अजून हटेनात.

"हे पढवलेलं दिसतंय," ते म्हणाले. "इतक्या बायका राबत असत्या, तर मागच्या वेळी कुणीतरी लिहिलंच असतं ना?"

हिल्डा त्यांच्याकडे वळली.

"मागच्या वेळी तुम्हीच आला होतात, सर. इथंच बसून यांच्याशी बोललात. चहा मी आणून दिला होता."

लूर्डसने हात पुढे केला. सरांनी शेरा न मारताच फॉर्म तिच्या हातात दिला.