ओळखीचा आवाज

‘घरी बोलता तशाच आवाजात हा परिच्छेद वाचा,’ असं कॉम्प्युटरला माझा आवाज ओळखायला शिकवताना स्क्रीनवर आलं. मी वाचला.

‘आवाज ऐकू आला नाही. पुन्हा वाचा.’

कसा येणार? लग्न होऊन आल्यापासून या घरात ‘हळू बोल, बाहेर माणसं आहेत’ एवढंच तर ऐकत आलेय.

पुन्हा तेच झालं तेव्हा नवरा वैतागला. “आण इकडे,” म्हणत त्याने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला आणि खणखणीत आवाजात सगळे परिच्छेद स्वतःच वाचून टाकले. “झालं बघ! आता नुसतं बोलायचं. तुझ्या संधिवाताच्या बोटांना टायपिंगचा त्रास नको.” कीबोर्ड आणि माऊस माळ्यावर टाकून तो ऑफिसला गेला.

दुपारी माझी ऑनलाइन मुलाखत होती. घरबसल्या भाषांतराचं काम मिळणार होतं.

“कॉम्प्युटर, मीटिंग उघड,” मी म्हणाले.

‘हा आवाज ओळखीचा नाही.’

मोठ्याने म्हणाले, तरी तेच. मग बेंबीच्या देठापासून ओरडले. शेजारच्या काकू धावत आल्या. “अगं, कोणावर एवढी ओरडतेयस?” तोवर मुलाखतीची वेळ टळून गेली होती.

संध्याकाळी दारात बूट काढता काढताच नवऱ्याने विचारलं, “काय मग, कॉम्प्युटर ऐकतो ना तुझं?”

स्क्रीन लगेच उजळली. ‘बोला, काय करू?’

त्याच्या एका हाकेसरशी उठणारी या घरात आजवर मी एकटीच होते.