खंडेनवमीचं हत्यार

इंग्रजी अंमलात आमच्या कोष्टी गल्लीतून म्युनिसिपालटीवर निवडून गेलेला यमनाप्पा हा पहिलाच विणकर. निकालाच्या दिवशी गल्लीनं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. वर्ष सरायच्या आत गावात येणाऱ्या सुतावर जकात बसली आणि बेळगावच्या पेठेला लुगडी पुरवणारे माग एकेक करून बंद पडले. निम्मी गल्ली खानापूरच्या रानात लाकडं तोडायला गेली. कुणी जाब विचारला की यमनाप्पा म्हणायचा, "वकील, व्यापारी सगळे एकीकडं. मी एकटा अडाणी माणूस तिथं काय करणार रं?"

खंडेनवमी आली. दरवर्षी या दिवशी मागाचा धोटा धुऊन, पुसून पाटावर पुजायचा, ही घरची रीत. यमनाप्पा आंघोळ करून पूजेला बसला, तर पाट रिकामाच.

"धोटा कुठाय गं?"

"माग बंद पडल्यात. धोट्याला काम न्हाय," त्याची बायको बायाक्का म्हणाली. "पूजा चालत्या हत्याराची करत्यात, अडगळीची न्हाय."

मग तिनं नवऱ्याचा उजवा हात धरून पाटावर ठेवला आणि त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलं.

"ह्ये काय करालीस?"

 

"जकातीच्या ठरावाला तुमी ह्योच वर केलता न्हवं?"