घुबडाचं काम

मुरलीधर टेलरला वनखात्याच्या पथनाट्यात घुबडाचं काम मिळालं, कारण त्यानं शिवलेला पोशाख दुसऱ्या कुणाला होईना. भर बाजारात तो पंख पसरून म्हणाला, "मी अपशकुनी नाही, शेतातले उंदीर खातो." लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवसापासून गावानं त्याचं नाव घुबडशेठ पाडलं. कामाला निघालेली माणसं त्याला पाहून मुद्दाम मागे फिरायची. पुन्हा असल्या भानगडीत पडायचं नाही, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं.

मग एका दुपारी सरपंचबाई दुकानात आल्या. "जुनी चावडी पाडताना आढ्यात घुबडाची पिल्लं निघालीत. गडी दगड मारणार होते, पण सगळे म्हणाले, आधी टेलरमामांना विचारा."

मुरलीधर शिलाई सोडून गेला. चावडीपुढे निम्मं गाव जमलं होतं. आज कुणी हसत नव्हतं. वरून पांढरी तोंडं त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"काम किती दिवस थांबवायचं?" सरपंचबाईंनी विचारलं.

घुबडाची पिल्लं कधी उडतात, हे त्याला मुळीच ठाऊक नव्हतं.

"उडेपर्यंत," तो म्हणाला.

सरपंचबाईंनी गड्यांना घरी जायला सांगितलं.