जात्यावरची बाई

जुन्नरच्या संग्रहालयात जुन्या संसाराचं दालन बघताना वैष्णवीला अचानक कळा सुरू झाल्या. नवरा संघर्ष गाडी आणायला धावला. तेवढ्यात नऊवारीतली एक म्हातारी तिच्यापाशी येऊन बसली.

"भिऊ नको पोरी, मी हाय," एवढंच ती म्हणाली. तिच्या अंगाला ताज्या पिठाचा वास येत होता. गाडी यायच्या आत तिनंच बाळंतपण सुखरूप पार पाडलं.

सव्वा महिन्यानं दोघं बाळाला आणि साडीचोळी घेऊन तिचे आभार मानायला आली.

"अशी म्हातारी आमच्याकडं न्हाई, भाऊ," संग्रहालय सांभाळणारे कुंडलिकमामा म्हणाले. "त्या दिशी तुमच्याबिगर कुणी आलंच नव्हतं."

वैष्णवी त्याच दालनात गेली. कोपऱ्यात जात्यावर दळणारी प्लॅस्टरची बाई बसवलेली होती. चेहरा तोच, हनुवटीवरचं गोंदणही तेच. वैष्णवीचे डोळे भरून आले.

"आई, तुमी व्हता म्हणून आमी वाचलो."

साडीचोळी पुढ्यात ठेवून तिनं पायांवर डोकं टेकलं. पाठीवरून एक खरखरीत हात मायेनं फिरला. वैष्णवीनं मान वळवली. संघर्ष बाळाला दोन्ही हातांत धरून दारातच उभा होता, आणि हात अजून तिच्या पाठीवरच होता.