फ्लॉपीवरचा बापूस

निलेशची गाडी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा चुकली. खरं म्हणजे त्यानेच ती चुकवली. रोह्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली की पेणची माणसं स्टेशनकडे पळत, आणि हा बाजारात दोस्ताच्या, प्रविणच्या, फोटो-कम्प्युटरच्या दुकानाच्या काचेपुढे जाऊन उभा राही.

काचेआड तो डिजिटल कॅमेरा होता. साल नव्व्याण्णव. रोह्यात तसली वस्तू पहिलीच. रोल घालायचा नाही, धुवायला टाकायचा नाही. पोटात फ्लॉपी सरकवायची आणि काढलेला फोटो पाठीवरच्या इवल्या पडद्यावर तिथल्या तिथे बघायचा.

"लांबनं काय बघतोस? हातात घे," प्रविण म्हणाला.

निलेशने घेतला, आणि तिथेच फसला.

घरात स्कूटरसाठी पैसे बाजूला पडत होते. कॅमेरा आला तर स्कूटर गेली, हे त्यालाही कळत होतं. बायकोला, प्रतिक्षाला, सांगायला काहीतरी दणकट कारण हवं होतं. ते त्याला घरच्या भिंतीवर मिळालं.

दरवाज्याच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंच, वडिलांचा फोटो होता. पुंडलिक मिठागरावर साप चावून गेला तेव्हा निलेश दहा महिन्यांचा होता. आईने, धोंडुबाईने, त्याला कडेवर घेतलं, खाडीकाठचं गाव सोडलं आणि पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागली. दोघांचं जग तेवढंच, आणि वर तो फोटो. प्रत्येक परीक्षेला निलेश त्याच्या पाया पडून गेला होता. आता दमट हवेने तो निम्मा खाल्ला होता. एक डोळा उरला होता, थोडं नाक, बाकी सगळं चहा सांडल्यासारखं.

"आई, बाबांचा फोटो नवा करून देतो," एका संध्याकाळी तो म्हणाला. "कॅमेऱ्यात घ्यायचा आणि कम्प्युटरवर साफ करायचा. पुसलेलं सगळं भरून काढता येतं."

धोंडुबाई वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू दे हाय तसा."

"वर्षभरात काही उरणार नाय त्यातलं."

"नाय उरलं तर नाय. मानूसच ऱ्हायला नाय, फोटूचं काय घेऊन बसलास?"

सासूला आपल्या स्कूटरची काळजी, असं वाटून प्रतिक्षाने त्या रात्री तिला दोन भाकऱ्या आग्रहाने वाढल्या.

प्रविणनेही सरळ सांगितलं, "अरे, एवढ्यासाठी कॅमेरा कशाला? माझ्याकडे स्कॅनर हाय. फोटो घेऊन ये, काम झालं."

निलेशने ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा त्याच्या डब्याच्या पिशवीतून पेणला आला.

प्रतिक्षा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती धोंडुबाईशी बोलता बोलता खळखळून हसली, आणि त्याने तेवढ्यात बटण दाबलं. पडद्यावर स्वतःला बघून ती थबकली.

"पुसून टाका. केस बघा कसे दिसतायत," ती म्हणाली. मग पदर नीट करून परत समोर बसली. "आता काढा."

धोंडुबाईचाही काढला. तिने पडद्यावर बोट फिरवलं. "एवढी म्हातारी झाले का गो मी?" तिने सुनेला विचारलं, आणि दोघी हसल्या. घर पुन्हा सुरळीत झालं.

भिंतीवरच्या फोटोला मात्र मुहूर्त लागेना. एका रविवारी धोंडुबाई म्हणाली, खिळा काढला तर भिंतीचा गिलावा पडेल. दुसऱ्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या रविवारी ती बाजारात गेलेली असताना निलेशने स्टूल लावलं आणि काम उरकलं.

फ्लॉपी रोह्याला गेली. शिफ्ट सुटल्यावर चार दिवस निलेश आणि प्रविण कम्प्युटरपुढे बसले. डाग हटले, निलेशला आठवेल तसा दुसरा डोळा उमटला, जाड भुवया आल्या, हनुवटीवरची खळी आली. चौथ्या दिवशी निलेशला पुढचं दिसेनासं झालं. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"कपाळ अगदी तुझंच रे," प्रविण हळूच म्हणाला.

पितृपक्षात, वडिलांच्या तिथीच्या आदल्या दिवशी, तो फ्रेम घेऊन घरी आला. कागद सोडून त्याने ती आईच्या हातात दिली. धोंडुबाई उजेडात गेली. बराच वेळ बघत राहिली. काचेवर नसलेली धूळ तिने पदराने पुसली.

"चांगला मानूस दिसतोय," ती म्हणाली.

"ह्यांच्यासारखेच होते ना?" प्रतिक्षाने कौतुकाने विचारलं.

"तुझ्या नवऱ्यानं लय मेहनत घेतली गो."

निलेश खुशीत होता. त्याने पिशवीतून तसलीच दुसरी फ्रेम काढली.

"ही काळुरामकाकांना. बाबांच्या बरोबर मिठागरावर होते ते. परवा पेण स्टँडवर भेटले, मला चेहऱ्यावरनं ओळखलं त्यांनी. आता जिते गावाला ऱ्हातात. म्हणाले, पुंडलिकला डोळे मिटायच्या आत एकदा बघायचाय. उद्या तिथीला ही त्यांच्या हातात देतो."

धोंडुबाई खाली बसली. तिने निलेशचा हात धरून त्याला शेजारी बसवलं, लहानपणी ताप आल्यावर बसवायची तसं.

"नको जाऊस, बाळा. काळुराम ह्याला वळखायचा नाय," ती म्हणाली. "तुझ्या बापसाचा फोटू कधी काढलाच नव्हता रे. बाबा कसा दिसायचा म्हणून तू शाळेतनं रडत आलास, तवा फोटूवाल्याकडं कुनी न्यायला न आलेला, कुना परक्याचा फोटू मी मागून आनला."