पडून राहिलो

डॉ. बर्वे गोदामात शिरले तरी गुलाब खाटेवरून उठला नाही.

अनुदान समितीचे साहेब पुण्याहून नागपूरला आणि नागपूरहून जीपनं सौंसरला आले होते. वाटेत जागोजागी माणसं त्यांच्यासाठी उभी राहिली होती. विश्रामगृहाचा खानसामा तर विनाकारण दोनदा. आणि इथं, संत्री भरायच्या रिकाम्या गोदामात, बोरगावचा एक बागमजूर दाराकडे पाय करून खुशाल आडवा पडला होता. खाटेच्या पायांकडच्या खुरांखाली विटा रचलेल्या, त्यामुळे त्याचे भेगाळलेले तळवे नेमके साहेबांच्या समोर आले होते.

"काय करता इथं?" बर्व्यांनी विचारलं.

"पडून राहिलो, साहेब," गुलाब म्हणाला.

बर्वे मंगलाकडे वळले. डॉ. मंगला गजभिये, सौंसरचीच मुलगी, नागपुरात डॉक्टरकीच्या मुलांना शिकवायची. गेल्या साली आपला माणूस अवकाशात जाऊन आला, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विषय होता. उद्या माणूस मंगळाकडे निघाला तर त्याला महिनोन्‌महिने वजनाशिवाय राहावं लागेल. रक्त डोक्याकडे चढेल, पोटऱ्या सुकतील, हाडं ठिसूळ होतील. हे जमिनीवर तपासायचं तर माणसाला डोकं खाली, पाय वर करून महिनाभर झोपवायचं. उठणं नाही, बसणंही नाही. 'मंगलाबाई मंगळावर चालल्या' म्हणून गावानं तिची मनसोक्त टिंगल केली, आणि खाटाही गावानंच दिल्या. यंत्रं आणि तपासण्या मात्र अनुदानावर अडल्या होत्या. बर्व्यांनी हो म्हटलं तर काम पुढं जाणार होतं, नाही म्हटलं तर खाटा ज्याच्या त्याच्या घरी परत.

शेजारची खाट रिकामी होती. तिच्यावरचा उत्तम कालच पळाला होता. पोळ्याचा दुसरा दिवस, पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा. नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांवर दगड भिरकावायचं सोडून विटांवरच्या खाटेत निजायचं, हे त्याला कसं जमावं? मंगलानं हे काही न लपवता सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. एक पळतो, दुसरा लोळतो, आणि पडून राहिलो म्हणून वर सांगतो, असं ते म्हणाले.

"लोळतो असं नाही म्हणाला तो, सर," मंगला म्हणाली. "आमच्याकडे पाऊस पडून राहिला म्हणजे पाऊस पडतो आहे. गुलाबभाऊ पडून राहिले म्हणजे पडत आहेत. अवकाशातला माणूस तरी दुसरं काय करतो? सारखा पडतच असतो. फक्त जमीन येत नाही."

विज्ञान बर्व्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यामुळेच त्यांना जास्त राग आला. तोंडावर तळवे धरणाऱ्या माणसाशी आपण बोलत नसतो, त्याला दोन मिनिटं उठून बसू द्या, असं त्यांनी सांगितलं. दोन मिनिटांत रक्त पायांकडे उतरेल आणि आजवरची सगळी मेहनत पाण्यात जाईल, असं मंगलानं परोपरीनं समजावलं. साहेबांना उशाशी बसता यावं म्हणून सुशीला नर्सनं स्टूल सरकवलं. साहेबांनी स्टुलाकडे पाहिलंही नाही.

"तुम्हाला अनुदान हवंय ना?" ते म्हणाले.

गुलाबचे हात खाटेच्या काठावर गेले. मुकादम येवो, शेठ येवो की पटवारी, हे हात न विचारताच त्याला उठवायचे. त्याच्या बापाचेही असेच करत आले होते. त्याची मान खाटेवरून सुटली. मंगलानं त्याला अडवलं नाही. दटावून झोपवलेली माणसं तिला नको होती.

गुलाबनं मान परत खाली टेकवली.

"साहेब, जिंदगीभर उठूनच राहिलो. कोणीबी आलं का उठलो. उठू नको म्हणणारं पहिल्यांदा कोणी भेटलं. आता नाही उठत."

बर्व्यांनी बॅग बंद केली. अशा कामाला शिस्तीची माणसं लागतात, पुण्याच्या वसतिगृहातली मुलं हे छान करतील, आपण स्वतः लक्ष घालू, मंगलाबाईंनी मदतनीस म्हणून यावं, असं ते निघता निघता बोलले. सौंसरचं नाव तेवढं त्यात कुठं नव्हतं. मग ते दारात थांबले. कोणीतरी जीपपर्यंत सोडायला येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी.

मंगलाला संताप आला होता. आणि खरं सांगायचं तर, त्या संतापात थोडा आनंदही होता. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि उत्तमच्या खाटेवर डोकं खाली करून आडवी झाली.

"सुशीला, आजपासून माझ्याही लघवीच्या बाटल्या ठेवत जा," ती म्हणाली. "आणि सर, पोचवायला येता येणार नाही. राग मानू नका."

तिच्या दोन तळव्यांच्या मधोमध साहेब दिसत होते, अगदी एवढेसे. थोड्या वेळानं तिथं नुसतं दार उरलं.

"मॅडम, तुमीबी?" गुलाबनं विचारलं.

"हो, गुलाबभाऊ. मीबी पडून राहिली."

बाहेर जीप सुरू झाली.

"अनुदान गेलं न?"

"गेलं."

गुलाबनं तिच्याकडे मान वळवली.

"मंग जमीन येते का आता?"

"येत नाही," मंगला म्हणाली.