बूट घातलेली अक्षरं

अमेरिकेतली गुलामी संपून वर्ष झालं, तेव्हा गुलामीतून सुटलेली डॉर्कस रिचमंड शहरातल्या त्या छापखान्यात आली. "आमचे पाद्रीबाबा प्रवचन गाताना माझ्या हरवलेल्या लेकीला, केझियाला, हाक मारतात, पण आवाज गावाबाहेर जात नाही. पत्रक छापून द्या."

छापखान्याचा मालक पेटिग्रू याने बारीक अक्षरांचा टाइप उचलला. तिने फळीवरच्या, पायाशी जाड ठोकळे असलेल्या मोठ्या अक्षरांच्या लाकडी ठशांकडे बोट दाखवलं. "ती लावा. जाडजूड, चौकोनी बूट घातलेली."

"ती सर्कशीची, घोडेबाजाराची अक्षरं, बाई. हरवलेल्या पोरीला बारीक चालतील."

"मला वाचता येत नाही, साहेब, पण ही अक्षरं मी ओळखते. माझी पोर विकायला काढली, तेव्हा रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकालाही दिसावं म्हणून लिलावाच्या जाहिरातीवर तुम्ही हीच लावली होतीत. आता शोधायला बारीक कशाला?"